हवेवरचा जुना ग्राइंडर लेथला लावताना

६ मिमी कोलेटचा (दांडी धरणाऱ्या पकडीचा), दाबाच्या हवेवर चालणारा डाय ग्राइंडर, म्हणजे छोटा घासायचा दगड वेगानं फिरवणारं हातातलं यंत्र, जळगावच्या एमआयडीसीभागात भंगारात पडलेला दिसला, तर सोडू नका. कडक केलेल्या बुशला साधं टूल लागत नाही. अशा बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, हा ग्राइंडर घरच्या लेथवर मापात आणून देतो.

आधी मागचं झाकण उघडून रोटर काढा, रॉकेलनं धुवा. रोटरची पाती चिरलेली किंवा आखूड झाली असतील तर पूर्ण संच बदला. स्पिंडलला डायल गेज लावा. काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला तर पुढचं बेअरिंग गेलंय.

पकडीसाठी बॉडीपेक्षा २०-२५ मिमी जाड एमएसचा (साध्या स्टीलचा) ठोकळा घ्या. कम्पाउंड (टूलपोस्टखालची छोटी स्लाइड) बेडच्या रेषेपासून ५.७ अंशांवर फिरवून घट्ट करा, टूलपोस्ट काढून ठोकळा तिथं आवळा आणि दोन सेंटरमध्ये बोअरिंग बार फिरवून भोक पाडा. सेंटरची उंची आपोआप मिळते. शिवाय या कोनात कम्पाउंड ०.१ मिमी सरकवला, की दगड फक्त ०.०१ मिमी आत जातो. मग ठोकळ्याला २ मिमीची चीर आणि ६ मिमीचे दोन अॅलन बोल्ट. पकड पुढच्या बेअरिंगपाशीच हवी. मधोमध आवळली तर सिलिंडर दबतो, पाती अडकतात. बोल्ट आवळताना आवाज जड झाला तर लगेच सैल करा.

दगड २५ मिमीपर्यंतच. २२,००० आरपीएमला त्याच्या कडेचा वेग सेकंदाला २९ मीटर होतो. ५० मिमीचा लावला तर ५८, आणि तो फुटू शकतो. दांडी कोलेटबाहेर कमीत कमी ठेवा. चष्मा लावल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नका.

खरी गोम हवेत आहे. २ एचपीचा कॉम्प्रेसर या ग्राइंडरला सलग पुरत नाही. दाब उतरला की वेग उतरतो आणि बोअरमध्ये लाटा उठतात. कॉम्प्रेसर ६ बारला पुन्हा चालू होत असेल तर रेग्युलेटर ५ बारवर ठेवा. वेग थोडा कमी होईल, पण एकसारखा राहील. टाकीचा दाब ५ च्या खाली जाण्याआधी दगड बोअरबाहेर काढून थांबा. पावसाळ्यात टाकीतलं पाणी रोज सोडा, नाहीतर पाती गंजलेल्या सिलिंडरवर घासतात. दर वेळी सुरू करण्याआधी हवेच्या तोंडात एअर टूल तेलाचे ४-५ थेंब.

बुश धरणारा लेथचा चक सुलटाच फिरवा, १०० आरपीएमच्या आसपास. बोअरच्या आत, आपल्या बाजूच्या भिंतीला दगड लावला की दोन्ही पृष्ठभाग आपोआप एकमेकांविरुद्ध धावतात. बाहेरून शाफ्ट घासताना तसं होत नाही, आणि त्यासाठी चक उलटा फिरवावा तर आट्यांवर बसवलेला चक सुटून येऊ शकतो. म्हणून हे बोअरचंच हत्यार समजावं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. घासून गरम झालेला बुश लगेच मोजू नका. २५ मिमीचं स्टील २० अंशांनी तापलं तर जवळपास ०.००६ मिमी फुगतं. बुश आणि मायक्रोमीटर दोन्ही अर्धा तास सावलीत एकत्र ठेवा, मगच शेवटचा हात मारा.

बेडवर पडलेली दगडाची भुकटी हवेनं उडवू नका, ती सॅडलखाली (बेडवर सरकणाऱ्या भागाखाली) शिरते आणि बेड खाते. ब्रश आणि रॉकेलनं काढा, मग तेल लावा.