गोचीड मोजून भागत नाही, त्याची जनुकंही बघावी लागतात

आजारी जनावराच्या रक्ताबरोबर जंतू गोचिडाच्या पोटात गेला म्हणजे तो गोचीड रोग पसरवणारच, असं नाही. जंतूला आधी आतड्याच्या पेशीत शिरावं लागतं, तिथे वाढावं लागतं, मग लाळग्रंथीत किंवा अंडाशयात पोचावं लागतं आणि शेवटी लाळेबरोबर दुसऱ्या जनावराच्या अंगात उतरावं लागतं. या प्रत्येक टप्प्यावर गोचिडाची काही प्रथिनं त्याला वाट देतात, काही त्याला अडवतात. ही प्रथिनं कोणती, किती आणि कधी बनतील हे गोचिडाची जनुकं ठरवतात. म्हणूनच अंगावर सारखेच गोचीड असलेल्या दोन कळपांत रोगाचं प्रमाण वेगळं दिसू शकतं.

आधी कोणता गोचीड कोणता रोग कसा नेतो, हे पक्कं असायला हवं. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड लार्वा (अंड्यातून निघालेलं पिल्लू), निंफ (त्यापुढची अर्धवाढ अवस्था) आणि प्रौढ या तिन्ही अवस्था एकाच जनावरावर काढतो. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. बबेसिया हा तांबड्या रक्तपेशींत वाढणारा जंतू याच अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकी संशोधकांनी १८९३ मध्ये टेक्सास तापावरचं, म्हणजे बबेसियामुळे गायींना होणाऱ्या रोगावरचं काम प्रसिद्ध केलं, त्यातली कळीची गोष्ट हीच होती: ज्यांनी कधी रक्त प्यायलेलंच नाही, असे अंड्यांतून नुकते निघालेले लार्वासुद्धा रोग देतात. त्यातही फरक आहे. बबेसिया बोव्हिस लार्वा अवस्थेतच जनावरात उतरतो, तर बबेसिया बायजेमिना निंफ आणि प्रौढांकडून. म्हणजे गोचीड मोठे, डोळ्यांना दिसणारे झाल्यावर ते वेचून काढले, तर बोव्हिसपुरतं काम आधीच बिघडलेलं असतं.

थायलेरिया ॲन्युलाटा या दुसऱ्या रक्तजंतूचं उलट आहे. तो हायलोमा गोचिडात एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातो, पण अंड्यांत जात नाही. आजारी गायीवर पोसलेला निंफ कात टाकून प्रौढ होतो आणि तो प्रौढ पुढच्या गायीला रोग देतो. दोन जनावरांच्या मधल्या काळात हा गोचीड गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत लपून राहतो, त्यामुळे फक्त जनावर फवारून तो आटोक्यात येत नाही. ॲनाप्लाज्मा मार्जिनेल या जिवाणूच्या बाबतीत नर गोचिडाकडे लक्ष ठेवा. मादी एका जागी चिकटून बसते, नर मात्र खेटून उभ्या असलेल्या जनावरांमध्ये ये-जा करतो आणि बराच काळ संसर्ग बाळगतो. शिवाय हा जंतू रक्त लागलेल्या सुईने किंवा शिंगं कापायच्या हत्याराने थेटही जातो. तिथे गोचिडाच्या जनुकांचा काही संबंध नाही.

अंड्यात शिरायची वाट जनुकाच्या पातळीवर कशी दिसते? अंड्याला पोषक बलक पुरवणारं प्रथिन म्हणजे व्हिटेलोजेनिन. अंडाशयातल्या अंडपेशी ते आत घेतात एका खास ग्राहकाच्या, म्हणजे ते पकडणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाच्या मदतीने. हिमॅफिसॅलिस लाँगिकॉर्निस या गोचिडात २००८ साली या ग्राहकाचं जनुक बंद करून पाहिलं, तेव्हा अंडी नीट पोसली गेली नाहीत आणि बबेसिया गिब्सोनीचं पुढच्या पिढीत जाणंही थांबलं. हा बबेसिया कुत्र्यांचा आहे, गायींचा नाही, हे विसरू नका. तरी बलकाच्या वाटेशी जंतूची वाट जोडलेली आहे, एवढं त्यातून कळतं.

जनुक बंद करायची पद्धत म्हणजे आरएनए इंटरफेरन्स. हव्या त्या जनुकाच्या काहीशे अक्षरांच्या तुकड्याशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए प्रयोगशाळेत बनवतात आणि अतिशय बारीक सुईने गोचिडाच्या पोटाच्या बाजूने टोचतात. रक्त न प्यायलेल्या गोचिडाला अर्धा मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी पुरतो. मग एक दिवस ओलसर पेटीत ठेवायचं. टोचल्यामुळे मेलेले बाजूला काढायचे आणि उरलेले संसर्ग असलेल्या वासरावर सोडायचे. शेजारी दुसरा गट हवाच, त्याला गोचिडात नसलेल्या एखाद्या जनुकाचा आरएनए टोचलेला असतो. तो गट नसेल तर जंतू कमी झाला तो जनुक बंद झाल्यामुळे की सुईच्या इजेमुळे, हे सांगता येत नाही. जनुक खरोखर किती बंद झालं, हे त्याच गोचिडांच्या ऊतींत क्यूपीसीआरने, म्हणजे त्या जनुकाचा आरएनए किती उरला ते मोजणाऱ्या चाचणीने मोजावं लागतं. ही पायरी गाळलेला निकाल मी तरी धरत नाही. पोट भरलेल्या मादीला टोचलं, तर परिणाम तिच्या पिल्लांतही उतरतो. अंड्यांतून जाणाऱ्या बबेसियासाठी हे फार उपयोगी आहे.

या पद्धतीने सापडलेली उत्तरं नेहमी अपेक्षेसारखी नसतात. व्हॅरिसिन हे डर्मासेंटर व्हॅरिआबिलिस गोचिडातलं जंतुनाशक प्रथिन. ते बंद केल्यावर ॲनाप्लाज्मा वाढेल असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात नरांमधला संसर्ग कमी झाला. गोचिडाचं संरक्षक प्रथिन जंतूच्याही कामी येत असावं, असाच त्याचा अर्थ लागतो. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे विषारी पदार्थ निकामी करणारं एन्झाइम. त्याचं जनुक बंद केल्यावरही ॲनाप्लाज्मा कमी झाला. म्हणून ‘अमुक प्रथिन गोचिडाचं रक्षण करतं, तेव्हा ते वाढवलं की रोग घटेल’ असं सरळ गणित मांडू नका.

सर्वांत जास्त आशा मला सबोलेसिनकडून वाटते. २००३ साली समोर आलेलं हे जनुक इतर अनेक जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवतं. ते बंद केलं की आतडं, लाळग्रंथी आणि प्रजननाचे अवयव खंगतात, अंडी घटतात आणि गोचिडातला जंतूही कमी होतो. गोचीड आणि रोग, दोन्हींवर एकाच लसीने मारा करता येईल, असं हे लक्ष्य आहे.

आज प्रत्यक्ष वापरातली लस मात्र बीएम८६ या आतड्यातल्या प्रथिनावर आधारलेली आहे. क्युबात १९९३ मध्ये गॅव्हॅक आणि ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये टिकगार्ड आली. गायीच्या रक्तातली प्रतिद्रव्यं गोचिडाच्या आतड्यात जाऊन त्याला इजा करतात. चिकटलेला गोचीड लगेच गळून पडत नाही; माद्या कमी आणि हलक्या भरतात, अंडी कमी घालतात, आणि फरक पुढच्या पिढ्यांत दिसतो. दुसऱ्याच आठवड्यात ‘लस चालली नाही’ म्हणणं म्हणूनच घाईचं ठरतं. पण कधी ती खरोखरच चालत नाही, आणि कारण पुन्हा जनुकात असतं. अर्जेंटिनातल्या गोचिडांच्या एका वाणावर बीएम८६ निष्प्रभ ठरलं. त्याच वाणातून मग बीएम९५ हा पर्याय तयार केला गेला.

गोठ्यापर्यंत सर्वांत थेट पोचणारी जनुकं औषधाला न जुमानणाऱ्या गोचिडांची. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधं मज्जापेशींच्या सोडियम चॅनलवर बसतात. त्या चॅनलच्या जनुकात एखादं अक्षर बदललं की औषधाची पकड सुटते. हा बदल जनुकाच्या एकाच प्रतीत असलेला गोचीड पूर्ण मात्रेत बहुधा मरतो, पातळ द्रावणात वाचतो. अशा वाचलेल्यांचे आपसांत संकर होऊन दोन्ही प्रती बदललेली पिल्लं निपजतात, आणि मग पूर्ण मात्राही उपयोगी पडत नाही. औषध पातळ करून पुरवणं सर्वांत महागात पडतं ते यामुळे.

औषध बदलायच्या आधी लार्वा पाकीट चाचणी करून घ्या; तुमच्या गोचिडांवर औषध अजून चालतं का, हे ती दाखवते. अलीकडे फवारणी न झालेल्या अनेक जनावरांवरून पूर्ण फुगलेल्या माद्या घ्या, हवा खेळणाऱ्या डबीत ठेवा, उन्हात ठेवू नका. प्रयोगशाळेत त्या २७-२८ अंशांवर, भरपूर आर्द्रतेत अंडी घालतात. निघालेले लार्वा दोन-तीन आठवड्यांचे झाले की सुमारे शंभर लार्वा औषध लावलेल्या फिल्टर कागदाच्या पाकिटात २४ तास ठेवतात. जे चालतात ते जिवंत धरायचे. नुसते पाय हलवणारे मेलेल्यांत. अमित्राझ या दुसऱ्या गोचीडनाशकासाठी कागदाऐवजी नायलॉनचं कापड वापरावं लागतं, कागदावर निकाल भरवशाचा येत नाही. आणि औषध न लावलेल्या पाकिटात दहा टक्क्यांहून जास्त लार्वा मेले असतील, तर तो निकाल वापरू नका; नव्या माद्या गोळा करून चाचणी पुन्हा लावा.