आमची वाटचाल : कमोड चेअर, भागीदार आणि संत जान जुगान

मरोळच्या आमच्या गाळ्यात वृद्धांसाठी चाकाच्या खुर्च्या, कमोड चेअर, वॉकर आणि डोक्याकडून उचलता येणारे पलंग तयार होतात. अशा कारखान्याच्या वाटचालीत संत जान जुगान या फ्रेंच धर्मभगिनीचे चरित्र कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु धंदा बुडायला आला त्या वर्षी मला ज्या गिऱ्हाइकाने तगवले, त्या सिस्टर तिच्याच संघातल्या होत्या, आणि माझ्या भागीदाराने जे केले ते ऐकून त्यांनी मला प्रथम सांगितली ती तिचीच हकिगत.

सिस्टर मूळच्या वसईच्या आणि गरीब वृद्धांची सेवा करणाऱ्या, जानने स्थापलेल्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या संघाच्या. या संघाचा वृद्धाश्रम अंधेरीतही आहे. आमची पहिली कमोड चेअर त्यांनी घेतली, पण घेण्यापूर्वी स्वतः तिच्यावर बसल्या, ब्रेक लावून मला ढकलायला सांगितले आणि आसन दोन बोटे खाली आणायला लावले. त्या वेळी एक इंची, सोळा गेजचा पाइप वाळूने भरून, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकून आम्ही हातबेंडरवर वाकवत असू, कारण वाळूशिवाय कोपऱ्यात पाइप चपटा होतो आणि वजन आले की नेमका तिथेच तडकतो. दोन बोटे म्हणजे सगळा जिग, म्हणजे पाइप मापात धरून ठेवणारा साचा, नव्याने बांधणे आले, तरी मी तो बांधला. आज बाजारात त्या उंचीच्या ज्या खुर्च्या दिसतात, त्यांचे माप त्या दुपारी ठरले, हे मी ठामपणे सांगतो.

पुढे माझा भागीदार वेगळा झाला. जाताना त्याने जिग नेले, ऑर्डरची वही नेली, दोन कुशल वेल्डर नेले आणि काही महिन्यांत ‘या खुर्चीचे जनक’ अशी स्वतःची जाहिरात सुरू केली. रुग्णालयांनी माल त्याच्याकडून घ्यायला सुरुवात केली, आमची जुनी बिले अडकली, पाइपवाल्याने उधारी बंद केली आणि गाळ्याचे भाडे थकले. त्या काळात नियमित काम येत होते ते सिस्टरांच्या आश्रमाकडून : चाके बदलणे, रेक्झिन बसवणे, रबरी टोप्या घालणे. मोडलेली खुर्ची टाकून नवी घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि त्याच दुरुस्त्यांवर आमची भट्टी पेटती राहिली.

जान जुगानचा जन्म 1792 चा, फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील कांकाल या कोळ्यांच्या गावातला. वडील समुद्रावर गेले ते परतले नाहीत. पुढे तिने एका घरी स्वयंपाकघरात काम केले, सँ-सेर्वां येथील रुग्णालयात सेवा केली आणि 1839 च्या हिवाळ्यात अंध व अर्धांगवायू झालेल्या एका वृद्धेला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. ती स्वतः पोटमाळ्यावर झोपू लागली. वृद्धेला ती अरुंद जिन्यावरून उचलून वर घेऊन गेली, हे सिस्टरांनी सांगितले तेव्हा मी लगेच खुर्चीच्या मागच्या दांड्यांचा विचार केला. लुळे शरीर जिन्यावरून नेताना पकड कुठे सुटते, हे ज्याने नेले आहे त्यालाच कळते.

वृद्धांची संख्या वाढली तशी जान टोपली घेऊन त्यांच्यासाठी दारोदार भिक्षा मागू लागली. एका माणसाने तिच्या थोबाडीत मारली असता, हे मला झाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या, असे ती म्हणाल्याचे सांगतात. 1845 मध्ये फ्रेंच अकादमीने तिला मोंतियों पारितोषिक दिले, ते 3000 फ्रँकचे होते. मात्र त्याआधीच, डिसेंबर 1843 मध्ये, तिच्याबरोबर काम करणाऱ्या भगिनींनी तिला पुन्हा प्रमुख म्हणून निवडले असता सँ-सेर्वांचे धर्मगुरू फादर ल पायर यांनी ती निवड सुमारे दोन आठवड्यांत रद्द करून 23 वर्षांच्या मारी जामे यांना नेमले होते. पुढे त्यांनी संस्थापक म्हणून स्वतःलाच पुढे केले. 1852 मध्ये जानला मुख्य मठात बोलावून भिक्षेच्या कामावरूनही दूर केले गेले, आणि 1879 मध्ये सँ-पेर्न येथे तिचे निधन होईपर्यंत ती तिथल्या नवशिक्या भगिनींमध्ये जवळपास अनामिक राहिली. तेव्हा संघात सुमारे 2400 भगिनी होत्या, आणि ही वृद्ध बाई कोण आहे, हे त्यांच्यापैकी बहुतेकींना ठाऊक नव्हते.

सिस्टर हे सांगत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, की त्या फादरचे पुढे काय झाले. 1890 मध्ये व्हॅटिकनने त्यांना पदावरून दूर केले, हे ऐकून मला जे समाधान वाटले ते सिस्टरांना रुचले नाही. जानने कुणाविरुद्ध तक्रार केली नव्हती, एवढेच त्या म्हणाल्या. माझे म्हणणे असे, की तक्रार करायला तिच्यापाशी ऑर्डरची वही नव्हती, वेल्डर नव्हते आणि थकलेले भाडेही नव्हते. तिला संतपद 11 ऑक्टोबर 2009 रोजी मिळाले, म्हणजे मृत्यूनंतर 130 वर्षांनी. लघुउद्योजकाला इतका धीर धरणे परवडत नाही.

तेव्हा ज्यांचे भागीदारीत काम आहे त्यांनी जिग कुणाच्या नावावर आहेत हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावे. ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांनी खुर्चीचा रंग पाहू नये. ब्रेक लावून ती ओल्या लादीवर ढकलून पाहावी, आणि बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात का ते तपासावे. वीस गेजचा पातळ पाइप सोळा गेज म्हणून विकणारे आजही आहेत, आणि त्यांतला एक कोण हे मरोळमध्ये सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतरची वर्षे बरी गेली. सिस्टरांची बदली झाली, गाळा मोठा झाला, वाळूच्या जागी पाइपच्या आत दांडा घालून वाकवणारा मँड्रेल बेंडर आला. मुलाने काढलेल्या नव्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर त्या कमोड चेअरचा मूळ आराखडा आहे आणि त्याखाली माझे नाव आहे. ते जरा लहान अक्षरांत घ्यावे असे मुलाचे मत होते. मी ते मोठ्यातच ठेवायला सांगितले आहे.