घारींच्या घोळक्यातला एक

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर पक्षीगणनेला बसलं की शिकारी पक्षी डोक्यावर कमी आणि पायाखाली जास्त दिसतात. आपला सराव मान वर करून बघण्याचा. पोटाचा रंग, पंखांखालची नक्षी यावरच आपण नाव ठरवतो. इथं तटावरून खाली कापणी झालेली भाताची शिवारं, मसूर-वाटाण्याचे हिरवे तुकडे आणि त्यांवरून सरकणाऱ्या घारींच्या पाठी. डिसेंबरातल्या तीन दिवसांच्या गणनेत तिसऱ्या दिवशी जी चूक सापडली, ती या पाठींमुळेच.

सकाळी नऊपर्यंत धुकं असतं, तोवर चहा प्यावा. ऊन लागून गरम हवा वर चढायला लागली की साडेनऊच्या सुमारास बेळगाव शहराकडून घारी येऊ लागतात. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडं तोंड करून बसायचं, नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. दुर्बीण ८ बाय ४२ ची पुरते. १० पटीची गडावरच्या वाऱ्यात हातात ठरत नाही. दर पाच मिनिटांनी आधी क्षितिजालगतची पट्टी दुर्बिणीनं झाडून घ्यायची, मग हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी वर, मग आणखी एक मूठ, आणि शेवटी खालचं शिवार. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांचे लांबचे निम्मे पक्षी सुटतात, असं माझं मत आहे.

आमच्या फॉर्मात वेळ, दिशा, उंची, संख्या आणि 'कशावरून ओळखला' असे रकाने आहेत. शेवटचा रकाना लोक भरत नाहीत, भरला तर खोटं भरतात. पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर एका ओळीत तेच उत्तर होतं : 'शेपटी नीट दिसली नाही, पण घारच.' दुसऱ्या दिवशी पुढं कंसात 'पिल्लू?' असंही लिहिलेलं, कारण पक्षी बाकीच्यांपेक्षा लहान वाटला होता. वास्तविक उडायला लागलेलं घारीचं पिल्लू आकारानं आईएवढंच असतं. मला तिथंच थांबायला हवं होतं. मी सही करून टाकली होती.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला तटाच्या भेगांतले पारवे एकदम फडफडत उठले. खाली सात-आठ घारी गिरक्या घेत होत्या. येळ्ळूरचाच एक मुलगा मोजणीला होता. तो म्हणाला, "सर, घारीला उठत न्हाईत की ही. सकाळपास्नं घारी फिराल्यात, एक बी उठलं नव्हतं."

मग एकेका पाठीवर दुर्बीण लावली. घारीची ओळख म्हणून सगळे शेपटीची खाच सांगतात. पण घारीनं शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. म्हणून खाच दिसली तर घार पक्की. नाही दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा हालचाल बघावी. घार शेपटी सुकाणूसारखी सतत डावी-उजवी पिळते आणि पंख मनगटात वाकवून थोडे खाली पाडते. त्या घोळक्यातल्या एकाची शेपटी पिळतच नव्हती. पंख सपाट, जणू फळी.

पंखांवर फिकट तिरका पट्टा होता, पण तो घारीलाही असतो. शेपटीच्या मुळाशी मात्र फिकट चंद्रकोर होती. ती बघून मोजणीतला दुसरा एकजण म्हणाला, "भोवत्याची मादी." शंका रास्त, कारण पांढुरक्या भोवत्याच्या (इंग्रजीत पॅलिड हॅरियर, हाही शिकारी पक्षीच) मादीला तिथं ठळक पांढरं असतं. पण भोवत्या लांब, अरुंद पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून शिवारावरून खालून जातो. घारींबरोबर गिरक्या घेतानाही तो सडपातळ दिसतो. हा आखूड आणि भरीव होता.

तेवढ्यात तो वळून सरळ आमच्याकडं आला. मानेला पंख जिथं जोडलेला असतो तिथं दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका, गाडीच्या हेडलाइटसारखा. गडद रंगाचा बुटेड ईगल! नाव पायांवरून पडलंय : पिसं थेट बोटांपर्यंत असतात. हिवाळ्यात येणारा हा गरुड घारीपेक्षा लहान असतो. घारीच्या पंखांचा विस्तार दीड मीटरच्या आसपास, याचा साधारण १.२ मीटर. 'गरुड म्हणजे मोठा' हे डोक्यात असलं की हा हमखास घारींत जातो. आमच्याकडं नावांचाही घोळ आहे. कन्नडमध्ये 'हद्दु' म्हटलं की त्यात घारही आली आणि गरुडही, आणि मराठी गावांत घिरट्या घालील ती घारच. याचंच फिकट रूप असतं तर चूक वेगळी झाली असती : पांढरं अंग, काळी उड्डाणपिसं, म्हणून लांबून पांढरं गिधाड वाटतं. गिधाडाची शेपटी पाचरीसारखी टोकदार, याची चौकोनी.

उजव्या पंखाच्या मागच्या कडेला, अंगाजवळ, एक पीस तुटून खाच पडली होती. अशी खाच लिहून ठेवावी; एकच पक्षी चारदा मोजण्यापासून तीच वाचवते. संध्याकाळी जुने फोटो काढले. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत पक्षी आकाशासमोर काळा ठिक्कर आला होता. शटर १/२००० ठीक होतं, पण आकाशाच्या उजेडासाठी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवलंच नव्हतं. सावल्या उजळल्यावर तीच खाच, त्याच पंखात, त्याच जागी.

दुसऱ्या दिवसाच्या ४१ घारींच्या ४० केल्या आणि बुटेड ईगल एक लिहिला. पहिल्या दिवसाचा फोटो हललेला होता, त्यात खाच दिसेना. मुलगा म्हणाला, "त्योच असणार ओ." असेल. त्या ओळीत 'घार' खोडून 'अनोळखी शिकारी पक्षी' लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात 'लहान आकार, शेपटी दिसली नाही' एवढंच ठेवलं.