ढोलांच्या आवाजात

बॉस्टनजवळच्या एका शाळेत मी आठवीला इतिहास शिकवते. प्युरिटन लोक (इंग्लंडचं चर्च ‘शुद्ध’ करू पाहणारे कडवे ख्रिस्ती) इंग्लंड सोडून इकडे आले ते धर्मस्वातंत्र्यासाठी, हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं. गेल्या ऑक्टोबरपासून लिहीत नाही.

त्या दिवशी मेरी डायर या क्वेकर बाईचं प्रकरण होतं. क्वेकर म्हणजे धर्मगुरूंपेक्षा मनातल्या देवाच्या प्रकाशावर विसंबणारा ख्रिस्ती पंथ. क्वेकरांना हद्दपार करायचं आणि परत आले तर फाशी द्यायची, असा कायदा प्युरिटनांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५८ मध्ये केला. त्याच साली तीन क्वेकरांचे उजवे कानही कापले गेले होते. २७ ऑक्टोबर १६५९ रोजी मेरी, विल्यम रॉबिन्सन आणि मार्माड्यूक स्टीव्हन्सन हातात हात घालून फासाकडे चालत निघाले. त्यांचं बोलणं लोकांच्या कानी पडू नये म्हणून शिपाई ढोल बडवत होते.

एक मुलगी हे मोठ्याने वाचत होती. ‘ढोल’ म्हटल्याबरोबर मागचा एक मुलगा तळव्यांनी बाक बडवू लागला. आणखी तिघं सामील झाले. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तिच्याकडे लक्ष गेलं. ती वाचतच होती. ओठ हलत होते, शब्द एकही येत नव्हता. माझ्या घशाला कोरड पडली. बाक आपोआप थांबले तेव्हा शेवटचं तेवढं ऐकू आलं: दोघांना फाशी दिली, मेरीच्या गळ्यात दोर अडकवून मग तिला सोडलं.

“मिस, हे लोक स्वतःच छळ सोसून आलेले ना? मग विसरले कसे?” त्याच मुलाने विचारलं.

विसरले नव्हते. खरी उपासना एकच, आणि चुकीच्या उपासनेला थारा दिला तर अख्ख्या वसाहतीवर देवाचा कोप होईल, असं ते मनापासून मानत. सहिष्णुता त्यांच्या लेखी पापच होती. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं ते आपलं चर्च आपल्या रीतीने चालवण्याचं. माणसाच्या श्रद्धेत सरकारने हात घालू नये म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला त्यांनी १६३५ मध्येच हद्दपारीची शिक्षा दिली होती. हे मी पहिल्यांदाच वर्गात असं सरळ बोलले.

मेरी पुढच्या मे महिन्यात बॉस्टनला परत आली. नवरा क्वेकर नव्हता. त्याने गव्हर्नरला पत्र लिहून तिचा जीव मागितला. १ जून १६६० रोजी तिला फाशी झाली.

तास संपला तरी तो मुलगा रेंगाळला. मग त्या मुलीपाशी जाऊन म्हणाला, “ते पान परत वाचशील? मला ऐकूच आलं नाही.”