तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरी बाजू का सोडली?

लग्न असो, बारसं असो, कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "एकाच बाजूला शेक घेतलात म्हणे? आणि दुसरीकडे राहिलं असलं तर?" शेक म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. एकदाच लिहून ठेवतो.

कॅन्सर उजव्या टॉन्सिलचा. गाठ लहान, टाळूच्या मधोमध सरकलेली नाही, जिभेच्या मुळाला लागलेली नाही. अशा वेळी तो मानेत उतरलाच तर बहुतेक त्याच बाजूने उतरतो. नीट पारखून घेतलेल्या पेशंटमध्ये शंभरात दोन-तीन जणांना पलीकडे निघतो, असं डॉक्टर म्हणाले. डावी बाजू सोडली की तिकडच्या लाळेच्या ग्रंथी वाचतात. पैसे वाचवायला नाही सोडली हो! शेक तेवढेच झाले, 35, सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार, तो जाळीचा मास्क तोंडावर आवळून.

पण खरं सांगू का, टक्केवारी मी नंतर पाठ केली. सही केली ती वेटिंगमधल्या एका काकांना बघून. त्यांना दोन्हीकडून शेक झालेला, वर्ष उलटलेलं, मांडीवर पाण्याची बाटली, दोन वाक्यं बोलले की एक घोट. "भाकरी सुटली बघा," म्हणाले. एवढ्यावर ठरवलं मी.

मग शेक संपल्यावर अकराव्या महिन्यात ती सकाळ. उजव्या जबड्याखाली केस येत नाहीत आता, त्यामुळे दाढी फक्त डावीकडची. फेस लावला आणि बोट अडलं. शेंगदाण्याएवढं काहीतरी. रेझर तसाच हातात, फेस गालावर वाळला, बाहेर बायको चहा गाळत होती, ती हाक मारतेय आणि मी नळ चालू ठेवून उभा. शनिवार होता, सोमवारपर्यंत तिला बोललो नाही. दोन रात्री ती गाठ दाबत बसलो, दाबून दाबून ती दुखायला लागली, तर दुखतेय म्हणजे साधी असणार असं स्वतःलाच समजावलं. सोनोग्राफी, मग सुई, मग रिपोर्टसाठी चार दिवस. त्या चार दिवसांत तुमचा प्रश्न मीच मला विचारत होतो, तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत. भाकरीसाठी जीव टांगलास ना, असं.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. डावी दाढ किडलेली, त्याची सूज.

म्हणजे निर्णय बरोबर होता का? तसं मी म्हणत नाही. ती सूज दाढेची नसती तर काय लिहिलं असतं इथे? पण दोन्हीकडे घेतला असता तर निवांत झोपलो असतो असंही नाही, शेकलेल्या बाजूलाही तो परत येतोच की कुणाकुणाला.

घास डावीकडेच चावतो. उजवीकडे गेला तर भुसा. पुढचं चेकअप दिवाळीनंतर आहे, तोवर कृपा करून विचारू नका. जेवायला मात्र बोलवा, कालवण जरा पातळ ठेवा.