तुम्ही विचारलंत म्हणून: तात्या लढाईचं काय सांगायचे?

माझे वडील, तात्या, जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते हे कळलं, की लोक हमखास विचारतात, "मग १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईचं काय काय सांगायचे?"

खरं सांगते, फार थोडं. बेळगावला भरती झाले तिथल्या कवायतीचं सांगायचे, लंगरातल्या पुऱ्यांचं सांगायचे. लढाईचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे.

थोरली ताई त्याच वर्षी दिवाळीनंतर झाली. आईला लिहिता येत नव्हतं. मुलगी झाल्याचं पत्र शेजारच्या गुरुजींनी '५६ एपीओ'च्या, म्हणजे लष्करी टपालाच्या पत्त्यावर धाडलं. तात्यांनी लेक पाहिली ती पाच महिन्यांची झाल्यावर. तेवढी एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायचे: "मला बघून रडली नाय. मिशी धरली."

१९८० साली पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा मी पाच वर्षांची होते. आईचे हात संधिवातानं सुजलेले, त्यामुळे आम्हा दोघींच्या वेण्या त्यांच्याकडे आल्या. तांब्यात फणी बुडवायची, कपाळापासून मानेपर्यंत एका रेषेत भांग पाडायचा, आणि "मान सरळ!" रिबिनीची गाठ बुटाच्या नाडीसारखी मारायचे, शाळा सुटेपर्यंत ढिली व्हायची नाही. आईचं अंग धुणं, भाकरी, धुणीभांडी, सगळं त्यांनी केलं. गावात काही जण हसायचे. तात्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. मला आजही त्याचाच जास्त अभिमान वाटतो.

'पूर्वी स्टार' हे पूर्वेच्या आघाडीवर लढल्याबद्दलचं पदक आईच्या शिवणाच्या डब्यात असायचं, बटणं आणि हुकांबरोबर. मी कितीतरी वर्षं ते मोठं बटणच समजत होते.

एकदाच बोलले. माझ्या मुलानं विचारलं, "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?" तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पाठीमागे गेली, ढाक्याचा रस्ता अडवला. आपल्या ब्रिगेडियरांनी शत्रूला शरण येण्याचं पत्र लिहिलं. ते पोचवायला तिथलाच एक म्हातारा सायकलवरून निघाला. उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. १० डिसेंबरच्या रात्री मोठी चकमक झाली आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं.

ही हकीकत पलटणीत सगळ्यांना माहीत होती. तात्यांच्या मनात त्यातला म्हातारा राहिला होता. "गोळी घेऊन माघारी आला, एवढं कळलं," ते म्हणाले. "पण फुडं? रातभर गोळीबार चालला होता. सायकल घेऊन घरी पोचला का न्हाय, कुणी विचारलंच न्हाय रं."

मग मुलाच्या शर्टाचं सुटलेलं बटण त्यांच्या नजरेस पडलं. ते उठले आणि आईचा डबा घेऊन आले.