तासगावचा बेदाणा आणि लॅटिन पावती

सेंट अँड्र्यूजला पोचले तेव्हा माझ्या बॅगेत दोन किलो बेदाणे होते. आबांनी स्वतः बसून लांब मण्यांचा हिरवा माल निवडून दिलेला. "तिकडं थंडी असते, मूठभर खिशात ठेवत जा," एवढंच म्हणाले. जिथं चाललेय तिथं बेदाण्याच्या नावाचा सण आहे, हे तासगावात कुणाला ठाऊक असणार? मलाही नव्हतं.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे छोटं गाव, विद्यापीठ 1413 सालचं. इथं तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं नव्या पोरांना चक्क दत्तक घेतात. एक आई, एक बाबा, चार-सहा भावंडं. प्रथा खरी पदवीच्या मुलांची आणि मी एमएस्सीला, पण वसतिगृहाच्या किचनमध्ये माझं पिठलं खाल्लेल्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं मलाही आपल्या कुटुंबात ओढलं. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान. घरी फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "बरं झालं. आता वेळेवर जेवतेस का ते तिलाच विचारीन."

ऑक्टोबरात येतो तो रेझिन वीकेंड. पूर्वी नवी मुलं या मानलेल्या आईबाबांना आभार म्हणून पौंडभर बेदाणे द्यायची आणि त्याची पावती लॅटिनमध्ये मिळायची. आता बेदाण्यांच्या जागी बहुतेकदा वाइनची बाटली असते. रविवारी दुपारी आईकडे चहा आणि खेळ, रात्री बाबाकडे पार्टी. सोमवारी सकाळी आई पोरांना सोंगं चढवते, बाबा पावती म्हणून काहीतरी अवजड वस्तू हातात देतो आणि मग सेंट सॅल्व्हेटर्सच्या चौकाशेजारच्या हिरवळीवर सगळे एकमेकांना शेव्हिंग फोमनं माखतात. आपली धुळवडच, फक्त कडाक्याच्या थंडीत.

माझी अडचण वेगळी होती. मला दमा आहे. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात; लहानपणी शेडजवळ खेळताना त्या धुरीनंच मला पहिल्यांदा धाप लागली होती. वाइनमध्येही सल्फाइट असतं आणि दमेकऱ्यांपैकी काहींना ते बाधतं. मी त्यातलीच, हे पुण्यात अर्ध्या ग्लासात कळलं होतं.

पण खरी चूक माझीच. व्हिसाबरोबर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या अधिभाराचे वर्षाला 776 पौंड भरले होते, तरी महिनाभर डॉक्टरकडे नाव नोंदवलं नाही. आजारी पडल्यावर बघू, ही आपली सवय. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला "एक अ‍ॅस्थालिन द्या" म्हटलं की काम झालं. इथं दम्याचा तो निळा पंप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यानं रात्री खोकला सुरू झाला, आणि एक दिवस पंपाच्या पाठीवरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा बघितला तर 22. सणाला दोन आठवडे उरले होते.

फॉर्म भरला, नोंदणी झाली. अपॉइंटमेंटसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी विचारलं, तातडीचं आहे का? मी भिडेखातर म्हणून गेले, "नाही नाही, तसं काही नाही." मिळाली तारीख सणानंतरची. किचनमध्ये हे ऐकून माझी ती वीस वर्षांची आई कपाळाला हात लावून बसली. "दमा आहे, पंप संपत आलाय, रात्री खोकल्यानं जाग येते. एवढी तीन वाक्यं बोल. सॉरी म्हणू नकोस." दुसऱ्या सकाळी ती समोर उभी असताना तीच वाक्यं बोलले. त्याच आठवड्यात नर्सची वेळ मिळाली.

नर्सनं नळीत फुंकायला लावलं, पंप ओढायची माझी पद्धत चुकतेय हे दाखवलं (बारा वर्षं चुकत होते!) आणि निळ्याच्या जोडीला तपकिरी पंप दिला. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, निळा लागला तरच. फार्मसीत मी कार्ड हातात धरून उभी राहिले. काउंटरवरच्या माणसानं पिशवी पुढं सरकवली आणि माझ्या मागच्याला हाक मारली. स्कॉटलंडमध्ये चिठ्ठीच्या औषधाला पैसे पडत नाहीत, हे मला तिथं कळलं.

रविवारी दुपारी किचनच्या काट्यावर 453 ग्रॅम बेदाणे मोजले. आपल्याकडे तेव्हा साडेसात वाजलेले. व्हिडिओवर आबांना टेबल दाखवलं. भावंडं मुठीनं बेदाणे खात होती. "असं नाही, एकेक मणी खायला सांग त्यांना," आबा तिकडून ओरडले.

रात्री बाबाकडे माझ्या मगात सफरचंदाचा रस होता. आईनं कुणाला काही न सांगता भरून ठेवलेला. मी पीत नाही हे सांगायची वेळच आली नाही. खोलीत गर्दी, उकाडा, कुणाच्या तरी व्हेपचा गोडसर वास. छाती आवळल्यासारखी झाली तशी पायऱ्यांवर येऊन बसले. दोन मिनिटांत एक भाऊ येऊन शेजारी बसला, त्याला पाठवलं होतं. वाइन संपली आणि इथं दुकानातून रात्री दहानंतर दारू विकत नाहीत, याचं दुःख तो मला तासभर सांगत होता.

सोमवारी आम्ही सहा भावंडं द्राक्षाचा घड झालो. अंगभर हिरवे फुगे, गळ्यात पाऊचमध्ये निळा पंप. हिरवळीवर जेमतेम दहा मिनिटं टिकले. फोमचा उग्र वास घशात बसला आणि खोकल्याची उबळ आली. मी काही म्हणायच्या आत कालच्याच भावानं दंड धरून मला गर्दीबाहेर काढलं आणि पाऊच उघडून पंप हातात दिला. कुठं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दोन पफ, मग कागदी पेल्यातला चहा. आत गेले नाही. बाहेरून बघायलाही मजा आली.

माझी पावती म्हणजे एक मोडकं इस्त्रीचं टेबल, त्यावर काळ्या मार्करनं चार ओळी लॅटिन. त्याला धरून काढलेला फोटो घरी पाठवला. आबांनी तो मोठा करून बघितला असावा, कारण फोन यायला जरा वेळ लागला.

"ही कसली पट्टी गं? वजन नाही, भाव नाही. अडत्यानं तुला फसवलं."